प्रेमदिनाची पुष्पमाला : चेन्नईच्या बोटांची कला

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की शहरांतील भेटवस्तूंची दालने लाल रंगात न्हाऊन निघतात. १४ फेब्रुवारी हा प्रेमदिन आपल्याकडे पाश्चात्त्य देशांतून आला आणि येताना त्या देशांच्या सजावटीच्या रीतीही सोबत घेऊन आला. गेल्या काही वर्षांत या रीतींमध्ये आणखी एकीची भर पडली आहे. घराच्या दारावर टांगण्याचे, फुलापानांचे, गोल अथवा हृदयाच्या आकाराचे कडे! युरोप-अमेरिकेत असे कडे घरच्या घरी बनवून दारावर लावणे ही स्नेहाची खूण मानली जाते. मात्र या वस्तूचा मराठी प्रतिशब्द शोधू गेल्यास मोठी पंचाईत होते. आपल्याकडे गोल गुंफलेल्या फुलांना पुष्पचक्र म्हणतात, आणि पुष्पचक्र वाहिले जाते ते हुतात्म्यांच्या स्मारकावर अथवा दिवंगतांच्या पार्थिवावर. तमिळ भाषेतही नेमके हेच घडले आहे. ‘मलर् वळैयम्’ म्हणजे फुलांचे वलय, आणि चेन्नईच्या सागरकिनाऱ्यावरील युद्धस्मारकाशी मानवंदनेच्या प्रसंगी ठेवले जाते ते हेच. ज्या आकाराशी समाजमनात निरोपाची भावना निगडित झाली आहे, तो आकार मीलनाच्या दिवशी दारावर टांगणे कित्येकांच्या जिवावर येते, यात नवल नाही.

मग प्रेमदिनी स्वतःच्या हातांनी फुलांचे काही करावयाचे झाल्यास काय करावे? या प्रश्नाचे उत्तर चेन्नई शहराने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. ते म्हणजे सुई न वापरता, केवळ बोटांनी गाठी मारून बांधलेली माळ. तमिळमध्ये फुलांच्या अशा सलग बांधलेल्या लडीला ‘सरम्’ म्हणतात. मोत्यांचा सर म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द परका वाटू नये. गळ्यात घालावयाच्या हाराला ‘मालै’ म्हणतात. नोकरी-व्यवसायानिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतालच्या रस्त्यांवर किंवा टी. नगरच्या पदपथांवर मांडी घालून बसलेल्या, समोरच्या टोपलीकडे न पाहताही माळ बांधीत जाणाऱ्या स्त्रिया नित्य दिसतात. बोटे चालू असतात, गिऱ्हाइकाशी बोलणे चालू असते, आणि माळ लांबत असते. हे काम पाहताना सोपे वाटते. पहिल्या प्रयत्नात मात्र कोणालाही जमत नाही.

तमिळ संस्कृतीत फूल आणि प्रेम यांचे नाते किती जुने आहे, हे जाणून घेण्यासारखे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या संघम् काव्यात प्रेमाच्या पाच अवस्था कल्पिल्या आहेत. प्रत्येक अवस्थेला एकेक भूप्रदेश नेमून दिला आहे, आणि बहुतेक प्रदेशांची नावे तेथे आढळणाऱ्या फुलाझाडांवरून पडली आहेत. डोंगरउतारावरील कुरिंजी हे मीलनाचे, तर रानकुरणांतील मुल्लै हे वाट पाहणाऱ्या पत्नीचे फूल. दूरदेशी गेलेला पती पावसाळ्यापूर्वी परत येईल या विश्वासाने ती धीर धरून बसते. हे मुल्लै म्हणजे आपली जुई. संध्याकाळच्या वेळी उमलणारे फूल प्रतीक्षेचे प्रतीक म्हणून निवडणाऱ्या त्या कवींच्या निरीक्षणाला दाद द्यावीशी वाटते.

माळ आणि प्रेम यांची सांगड घालणारी सर्वांत प्रसिद्ध कथा मात्र आंडाळची आहे. दक्षिण तमिळनाडूतील श्रीविल्लिपुत्तूर येथे पेरियाळवार हे विष्णुभक्त रोज देवासाठी माळ गुंफीत असत. त्यांनी वाढविलेली कन्या ती माळ देवाला जाण्यापूर्वी गुपचूप स्वतःच्या गळ्यात घालून, विहिरीच्या पाण्यात प्रतिबिंब न्याहाळून, आपण देवाला शोभतो की नाही हे पाहात असे. एके दिवशी माळेत केस आढळला. व्यथित झालेल्या पित्याने नवी माळ बांधली. तथापि देवाने स्वप्नात येऊन सांगितले की, मला तिने घातलेलीच माळ हवी. तेव्हापासून तिला ‘माळ घालून मग देणारी’ या अर्थाचे नाव मिळाले. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने सोळाव्या शतकात याच कथेवर तेलुगू महाकाव्य रचले, त्याचे नाव ‘आमुक्तमाल्यदा’. त्याचाही अर्थ तोच आहे. आजही तिरुमलैच्या ब्रह्मोत्सवात गरुडसेवेसाठी श्रीविल्लिपुत्तूरहून आंडाळला घातलेली माळ पाठविली जाते. भोगीच्या दिवशी वैष्णव मंदिरांतून आंडाळचा विवाह साजरा होतो. म्हणजे प्रेमदिनाच्या सुमारे एक महिना आधी तमिळनाडूत माळेचा एक प्रेमोत्सव होऊन गेलेला असतो.

या कथेची छाया विवाहविधीतही दिसते. तमिळ ब्राह्मण विवाहात ‘मालै माट्रल्’ म्हणजे माळांची अदलाबदल होते. वधू-वरांचे मामा त्यांना खांद्यावर उचलून घेतात आणि एकमेकांपासून दूर नेत हसतखेळत तीनदा माळा बदलावयास लावतात. आपल्याकडे अंतरपाट दूर झाल्यावर एकेकच हार घातला जातो. तेथे मात्र तीच माळ याच्या गळ्यातून तिच्या गळ्यात आणि तिच्या गळ्यातून याच्या गळ्यात फिरते. एवढी ओढाताण सोसूनही ती सुटत नाही, याचे श्रेय गाठीला द्यावे लागेल.

आता या गाठीकडे वळू. त्यापूर्वी फुलांची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण चेन्नईच्या बाजारात मराठी ग्राहकाची पहिली अडचण नावांची होते. मल्ली म्हणजे मोगरा आणि त्यातील टपोऱ्या, गोल कळीची ती गुंडुमल्ली. मुल्लै म्हणजे जुई. जातिमल्ली अथवा पिच्ची म्हणजे जाई. कनकांबरम् म्हणजे कोकण-गोव्याची लाडकी अबोली. सामंदी म्हणजे शेवंती आणि मरिकोळुंदु म्हणजे जोतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा. खरी गंमत संपंगीची आहे. नाव ऐकून सोनचाफा मिळेल असे वाटते, पण हातात पडतो तो निशिगंध! सोनचाफ्याला तमिळमध्ये शेण्बगम् म्हणतात. निरनिराळी फुले व सुवासिक पाने एकत्र बांधलेल्या रंगीत लडीला कदंबम् असे नाव आहे.

या फुलांचे चेन्नईतील प्रवेशद्वार म्हणजे कोयंबेडूचा घाऊक बाजार. सुमारे २९५ एकरांवर वसलेले हे संकुल १९९६ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी फुलांचा मोठा व्यापार जॉर्ज टाऊनमधील बद्रियन रस्त्याच्या परिसरात चालत असे. बाजार हलला तरी तेथील पोलीस ठाण्याचे ‘फ्लॉवर बझार’ हे नाव टिकून आहे, आणि काही फूलविक्रेतेही. कोयंबेडूत मध्यरात्रीनंतर मालमोटारी येऊ लागतात. दिंडिगल, मदुरै, कृष्णगिरी, तिरुवळ्ळूर आणि आंध्र प्रदेशातून आलेल्या फुलांचे भाव पहाट होईपर्यंत ठरून जातात. मे २०२० मध्ये कोरोना साथीच्या काळात हा बाजार बंद करावा लागला, तेव्हा फुलांचा व्यवहार माधवरम् येथे हलविण्यात आला होता. मंदिरे बंद, विवाहांवर निर्बंध आणि दारात माल, अशा त्या दिवसांत फुलांइतका असहाय दुसरा माल नसावा.

लेखापालनाच्या दृष्टीने पाहिल्यास फूल हा मोठा विलक्षण साठा आहे. कापडाच्या व्यापाऱ्याचा न विकलेला माल पुढील हंगामात सवलतीत विकला जातो. यंत्राचे घसारामूल्य वर्षानुवर्षे काढता येते. मोगऱ्याच्या कळीचे आयुष्य मात्र एका सायंकाळपुरते असते. पहाटे खुडलेली टपोरी कळी संध्याकाळी उमलते आणि रात्री उशिरा तिचे बाजारमूल्य जवळजवळ शून्य होते. त्यातच हंगामाचा लहरी स्वभाव. मोगऱ्याचा खरा बहर उन्हाळ्यातला. थंडीत आणि दवात उत्पादन घटते, आणि नेमक्या त्याच काळात पोंगलचा सण व तै महिन्याचे विवाहमुहूर्त येतात. मग किलोचा भाव शेकड्यांतून हजारांत उडी घेतो. प्रेमदिनाच्या सुमारास होसूर परिसरातील हरितगृहांतून निघणाऱ्या लाल गुलाबांचीही तीच कथा आहे. आपल्या मावळ-तळेगावच्या गुलाबांप्रमाणेच होसूरचे गुलाबही या दिवसासाठी परदेशी रवाना होतात, आणि देशांतर्गत बाजारातही त्यांचा भाव चढतो. म्हणूनच १४ फेब्रुवारीसाठी माळ बांधावयाची असल्यास संपूर्ण मोगऱ्याचा आग्रह धरू नये. शेवंती, निशिगंध, दवणा यांच्या जोडीला मोजक्या कळ्या घेतल्यास खर्च आटोक्यात राहतो आणि माळही अधिक उठावदार दिसते.

किरकोळ बाजारात माळ विकली जाते ती ‘मुळम्’ या मापाने. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे हे अंतर म्हणजे आपला ‘हात’, साधारणपणे १८ इंच किंवा ४५ सेंटिमीटर. विक्रेती स्वतःच्या हाताने मोजते, त्यामुळे आखूड हाताच्या विक्रेतीकडून घेतलेली माळ आखूड भरते. यावरून होणाऱ्या लटक्या भांडणांना चेन्नईत तोटा नाही. माळ सैल बांधलेली असली तर लांब हातानेही फसवणूक होऊ शकते. म्हणून जाणकार गृहिणी हाताची लांबी न पाहता गाठींमधील अंतर पाहतात. हे शहाणपण अन्य खरेदीतही उपयोगी पडावे.

प्रत्यक्ष कृतीसाठी लागते ती केवळ दोन प्रकारची सामग्री, कळ्या आणि दोरा. पारंपरिक दोरा हा केळीच्या सोपापासून काढलेला असतो, त्याला ‘वाळै नार्’ म्हणतात. केळीच्या खांबाचे सोप वाळवून त्यांच्या बारीक पट्ट्या काढतात आणि वापरण्यापूर्वी त्या पाण्यात भिजवितात. भिजलेला धागा मऊ व चिवट होतो, ओलावा धरून ठेवतो आणि कोवळ्या नळीला कापीत नाही. तो न मिळाल्यास थोडा जाड, पांढरा सुती दोरा ओला करून घ्यावा. शिवणयंत्राचा बारीक दोरा घेऊ नये, तो कळीच्या देठात रुततो. नायलॉनचा तर विचारही करू नये.

कळ्या घट्ट मिटलेल्या पण पूर्ण वाढलेल्या असाव्यात. पोपटी झाक असलेली अपक्व कळी उमलत नाही, आणि अर्धवट उमललेले फूल बांधताना चुरगळते. प्रत्येक कळीला खालची हिरवी वाटी व तिच्यावरची पांढरी नळी शाबूत हवी, कारण गाठ बसते ती तेथेच. कळ्या पाण्यात बुडवून ठेवू नयेत. ओलसर पातळ फडक्यावर पसरून ठेवाव्यात, एवढे पुरे.

दोऱ्याचे एक टोक वीतभर सोडून तो डाव्या हाताच्या तर्जनीवर आडवा घ्यावा. जुन्या पिढीतील स्त्रिया हे टोक पायाच्या अंगठ्याला बांधीत, म्हणजे दोरा ताणलेला राही. नवशिक्यांनी ते खुर्चीच्या दांड्याला बांधण्यास हरकत नाही. आता दोन कळ्या अशा ठेवाव्यात की त्यांची डोकी दोऱ्याच्या एका बाजूला असतील. त्यांच्यावर दुसऱ्या दोन कळ्या उलट दिशेने ठेवाव्यात. चौघींची देठे मध्यभागी, दोऱ्यावर, एकमेकींवर येतात. डाव्या अंगठ्याने ती हलकेच दाबून धरावीत. मग दोऱ्याचे मोकळे, लांब टोक उजव्या हातात घेऊन चारही देठांभोवती एक वेढा द्यावा. येथपर्यंत सारे सोपे असते.

खरी करामत पुढे आहे. वेढा देऊन झाल्यावर उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट दोऱ्याखाली घालून मनगटाला किंचित पीळ द्यावा. बोटांवर आपोआप एक फास तयार होतो. फास असा पडला पाहिजे की दोऱ्याचा लांब भाग त्याच्या खालून जाईल. तो उलटा पडला तर ओढताच सुटून जातो, आणि नवशिक्यांचा पहिला अर्धा तास यातच जातो. हा फास बोटांवरून कळ्यांच्या डोक्यांवर चढवावा, देठांपर्यंत सरकवावा आणि दोरा ओढावा. ओढताना ‘चट्’ असा बारीकसा आवाज आला तर देठ तुटले असे समजावे. आवाज न येता गाठ बसली आणि माळ उलटी धरून हलविल्यावर कळी पडली नाही, तर ताण योग्य आहे. पुढील चार कळ्या पहिल्या चौघींना अगदी खेटून ठेवाव्यात आणि हीच क्रिया करीत जावे. केळीचा धागा संपत आल्यास नवा धागा जुन्याच्या जोडीला ठेवून पुढच्या दोन-तीन गाठी दोन्हींवर मिळून माराव्यात. सांधा दिसतही नाही आणि सुटतही नाही.

ही गाठ आणि आपली सुई यांत मूलभूत भेद आहे. महाराष्ट्रात देवाचा हार बहुधा सुईदोऱ्याने ओवला जातो. ओवणे लवकर शिकता येते आणि भराभर होते, पण सुई फुलाला आरपार छेदते. टोचलेल्या जागी फूल लवकर काळवंडते. शिवाय एका ठिकाणी दोरा तुटला तर सगळी फुले ओघळतात. बांधलेल्या माळेत प्रत्येक चौकडीची गाठ स्वतंत्र असते. मध्येच माळ कापली तरी बाकीची फुले जागच्या जागी राहतात, आणि म्हणूनच ती हातावर मोजून, कापून विकता येते. कोकण-गोव्यातील अबोलीचे वळेसर याच जातीचे. म्हार्दोळच्या म्हाळसा मंदिरात दरवर्षी जायांची पूजा होते, तेथे जाईच्या माळांची जी रास पडते तिच्यापुढे कोणत्याही पुष्पप्रदर्शनाने नम्र व्हावे. ज्यांच्या घरात आजीच्या हाताची वेणी अजून कोणाच्या तरी स्मरणात आहे, त्यांना चेन्नईची गाठ चटकन साधेल.

किती फुले लागतील, याचा हिशोब कागदावर मांडता येतो. दर सेंटिमीटरला चार कळ्यांची एक गाठ धरली, तर एका हाताच्या माळेला ४५ गाठी आणि १८० कळ्या लागतात. गळ्यात घालण्याजोग्या, दोन्ही बाजू मिळून दीड मीटर लांबीच्या माळेला १५० गाठी व ६०० कळ्या. नवशिक्याने एका गाठीस अर्धा मिनिट घेतला तरी हे सव्वा तासाचे अखंड काम झाले. पाठ दुखणे, दोरा गुंतणे आणि मध्येच आलेले दूरध्वनी यांचा समावेश या हिशोबात नाही. पती-पत्नींनी एकेक बाजू बांधावयास घेतल्यास वेळ निम्मा होतो, मात्र दोघांच्या गाठींचा ताण निराळा असतो आणि तो माळेत स्पष्ट दिसतो. त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही.

लग्नातील भारदस्त हार बांधण्याची पद्धत थोडी निराळी आहे. मध्ये केळीच्या धाग्यांचा जाड पीळ असतो. त्याच्याभोवती फुले चहूबाजूंनी बांधीत नेतात, दोन्ही लडी खाली एकत्र आणून तेथे गोंडा सोडतात आणि मधूनमधून जरीचा धागा फिरवितात. हे काम कसबी पुरुष माळकरांचे, घरी करण्याचे नव्हे. या कलेची परिसीमा पाहावयाची असेल तर कन्याकुमारी जिल्ह्यातील तोवाळै गावी जावे. तेथील ‘माणिक्क मालै’मध्ये पांढऱ्या-लाल कण्हेरीची फुले आणि निर्गुडीची पाने अशा घड्या घालून बसविलेली असतात की सपाट पट्ट्यावर माणके जडविल्याचा भास व्हावा. २०२५ मध्ये या माळेला भौगोलिक मानांकन मिळाले. मदुरै मल्लीला ते २०१३ मध्येच मिळाले होते. म्हणजे आधी फुलाला मान मिळाला आणि ते बांधणाऱ्या बोटांची नोंद व्हावयास आणखी बारा वर्षे गेली. कण्हेर विषारी असते, तेव्हा घरी लहान मुलांच्या सोबतीने माळ बांधताना ती टाळावी.

या बोटांच्या अर्थकारणाविषयी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये. पदपथावरील फूलवालीला भल्या पहाटे रोख भांडवल लागते आणि रात्री तिच्याकडे उरतो तो दिवसाचा गल्ला. या बारा-पंधरा तासांच्या गरजेसाठी चेन्नईत ‘तण्डल्’ नावाची रोजच्या वसुलीची खासगी कर्जे प्रचलित आहेत. उदाहरणार्थ, दहा हजारांचे कर्ज म्हणून हातात नऊ हजार ठेवावयाचे आणि रोज शंभर रुपयांप्रमाणे शंभर दिवस वसुली करावयाची. वरवर पाहता शंभर दिवसांसाठी एक हजार रुपये द्यावे लागले, असे वाटते. पण मुद्दल रोज घटत जाते हे लक्षात घेऊन गणित केल्यास वार्षिक व्याजाचा दर ७७ टक्क्यांच्या आसपास जातो. दर दहा गाठींतील किती गाठी स्वतःसाठी आणि किती सावकारासाठी, असा प्रश्न येथे मनात येतो. पथविक्रेत्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत विनातारण खेळते भांडवल मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कर्जवाटपास ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ दिली. पहिल्या टप्प्याची रक्कम १०,००० वरून १५,००० रुपये, दुसऱ्याची २०,००० वरून २५,००० रुपये झाली, तर तिसऱ्या टप्प्याची ५०,००० रुपये कायम राहिली. मात्र फूलवालीकडे घासाघीस करणाऱ्या सुशिक्षित ग्राहकाला या साऱ्याची क्वचितच कल्पना असते. एकदा स्वतः हातभर माळ बांधून पाहिली की घासाघीस करण्याची इच्छा बरीच कमी होते, असा अनेकांचा अनुभव आहे. भावातील चढउतार हा फुलाचा असतो. बोटांची मजुरी त्या भावाबरोबर चढत नाही. मोगरा महागला की फूलवाली त्याच पैशांत आखूड माळ देते आणि बोलणी मात्र तिला खावी लागतात.

प्रेमदिनासाठी माळ बांधावयाची तर वेळेचे नियोजन महत्त्वाचे ठरते. कळ्या त्याच दिवशी सकाळी आणाव्यात. चेन्नईकरांना कोयंबेडूपर्यंत मेट्रोने जाता येते, आणि उन्हे चढण्यापूर्वी परतल्यास कळ्या ताज्या राहतात. दुपारपर्यंत बांधकाम उरकून माळ ओलसर फडक्यात, शक्य असल्यास केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवावी. शीतकपाटात ठेवावयाची झाल्यास बर्फाच्या कप्प्यापासून दूर, झाकणाच्या डब्यात ठेवावी, अन्यथा पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. सायंकाळी पाच-सहाच्या सुमारास पान उघडले की आत कळ्या फुगू लागलेल्या दिसतात. माळ गळ्यात अथवा केसांत असतानाच त्या उमलतात. दुकानातून आणलेला, आधीच उमललेला गुलाब ही गंमत देऊ शकत नाही.

दारावर काही टांगण्याची हौस असणाऱ्यांनी ती जरूर पुरवावी. बांबूच्या पातळ कामटीचे अथवा सुक्या वेलीचे २५ सेंटिमीटर व्यासाचे कडे केल्यास त्याचा परीघ सुमारे ७९ सेंटिमीटर भरतो. दोन हातांचा सर त्याच्या कडेने बसविण्यास पुरतो, आणि उरलेल्या भागाची एक लड खाली लोंबती सोडता येते. ही लोंबती लड अवश्य सोडावी. तिच्यामुळे पुष्पचक्राची आठवण पुसली जाते आणि ते आपल्या तोरणाच्या कुळातले वाटू लागते. मध्ये दवण्याच्या चार काड्या खोचल्यास दार उघडता-मिटताना सुगंध येतो. शेजारच्या घरी ज्येष्ठ मंडळी असतील, तर तोरणच बांधावे हे उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोगरा तांबूस पडलेला असतो. केळीच्या धाग्याने बांधलेली माळ जशीच्या तशी कुंडीतल्या मातीत पुरता येते, धागाही फुलांबरोबर कुजून जातो. सुती दोऱ्याला थोडा अधिक काळ लागतो. जरीचा धागा वापरला असल्यास तो मात्र आधी उसवून घ्यावा. त्या वेळी गाठी सोडवू पाहणाऱ्यास असे आढळते की वाळलेला धागा कालच्यापेक्षाही घट्ट बसला आहे. मग कात्री घ्यावी लागते.